स्मारकावर कॅमेरा उभा करण्याआधी: बर्लिनमध्ये होलोकॉस्ट स्मारकांवरच्या वागणुकीचा विद्यार्थी माहितीपट

बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून चालत पाच मिनिटांवर राखाडी काँक्रीटच्या २७११ शिळांचं एक मैदान आहे. होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या नरसंहारात, हत्या झालेल्या युरोपातल्या ज्यूंचं हे स्मारक. कोणत्याही दुपारी गेलात तर कुणी शिळेवर बसून सँडविच खाताना दिसेल, मुलं लपाछपी खेळताना दिसतील, एखादी जोडी सेल्फी काढत असेल आणि चार पावलांवर कुणी एकटंच गप्प उभं असेल. फिल्म शिकणाऱ्या मुलांना हे पाहताक्षणी विषय सुचतो. मलाही सुचला. जर्मनीत एका सत्रासाठी शिकायला गेले होते, हातात कॅमेरा होता आणि डोक्यात राग होता.

त्या रागातून केलेलं पहिल्या आठवड्याचं सगळं चित्रीकरण मला टाकून द्यावं लागलं. परदेशात शिकणाऱ्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलांना हा विषय करायचा असेल तर तो कोणत्या क्रमाने करावा, हे त्या अनुभवातून लिहिते आहे.

पहिली पायरी: प्रश्न तपासा

‘लोक स्मारकावर किती वाईट वागतात’ या प्रश्नावर माहितीपट उभा राहत नाही. त्याचं उत्तर शूटिंगच्या आधीच ठरलेलं असतं, आणि मग कॅमेरा फक्त गुन्हेगार शोधत फिरतो. शिवाय हे काम आधी होऊन गेलं आहे. जानेवारी २०१७ मध्ये बर्लिनमध्ये राहणारा इस्रायली लेखक शहाक शपिरा याने या स्मारकावरच्या १२ सेल्फी समाजमाध्यमांवरून घेतल्या, त्यांतली हसरी माणसं छळछावण्यांतल्या प्रेतांच्या छायाचित्रांमध्ये बसवली आणि ती चित्रं इंटरनेटवर टाकली. जगभर खळबळ उडाली. त्या फोटोंतल्या लोकांपर्यंत गोष्ट पोहोचली, अनेकांनी माफी मागितली आणि त्याने आठवड्याभरात सगळं काढून घेतलं.

दुसरी बाजू स्मारकाचा वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन याची. २००५ मध्ये स्मारक खुलं होत असतानाच त्याने सांगून ठेवलं होतं की इथे मुलं खेळतील, लोक डबे उघडून बसतील, मॉडेल फोटो काढून घेतील. त्याला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्याच्या दृष्टीने ही दफनभूमी नव्हती, इथे कुणाला पुरलेलं नाही. शिळांवर एकही नाव नाही, एकही अक्षर नाही, हेही त्याने ठरवूनच केलेलं.

या दोन भूमिकांच्या मधली जागा तुमची आहे. मी शेवटी प्रश्न असा लिहिला: ही जागा माणसापर्यंत पोहोचते तेव्हा नेमकं काय होतं, आणि पोहोचत नाही तेव्हा आड काय येतं? प्रश्न असा ठेवला की शिळेवर उडी मारणारा मुलगाही साक्षीदार होतो, आणि तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागतं. तुमचा प्रश्न वेगळा असू शकेल. पण तो एका वाक्यात लिहा आणि वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.

दुसरी पायरी: जागा निवडा, पण दोनच

सगळी स्मारकं एका फिल्ममध्ये कोंबू नका. एक गर्दीची जागा आणि एक शांत जागा एवढी तुलना वीस मिनिटांच्या माहितीपटाला पुरते.

शिळांचं मैदान गर्दीचं. सुमारे १९,००० चौरस मीटर, चारही बाजूंनी उघडं, रात्रंदिवस खुलं. कडेच्या शिळा बाकासारख्या बुटक्या, म्हणून थकलेला माणूस आपसूक टेकतो. आत जाल तशी जमीन खाली उतरते आणि शिळा साडेचार मीटरहून उंच होतात. वाटा ९५ सेंटिमीटर रुंद, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. सोबतचं माणूस दोन वळणांत हरवतं. मुलांना लपाछपी का सुचते आणि एखाद्याला तिथेच धाप का लागते, या दोन्हींचं कारण ही रचनाच आहे. मैदानाखाली माहिती केंद्र आहे. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत मारल्या गेलेल्यांची नावं आणि त्यांचं आयुष्य थोडक्यात वाचून दाखवलं जातं. सगळ्यांची अशी वाचायची तर सहा वर्षं, सात महिने आणि २७ दिवस लागतील. वर बसून आइस्क्रीम खाणाऱ्या बहुतेकांना पायाखाली ही खोली आहे हे ठाऊकच नसतं. माझ्या माहितीपटाचा कणा मला या एका गोष्टीत सापडला.

शांत जागा म्हणून मी ग्रुनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा फलाट घेतला. ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना घेऊन इथून गाड्या सुटल्या. फलाटाच्या कडेला ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते गाव. रुळांमधून वाढलेली झाडं तशीच ठेवली आहेत. इथे कुणी उड्या मारत नाही. का मारत नाही, हे कॅमेऱ्याने शोधण्यासारखं आहे.

छळछावणीच हवी असेल तर बर्लिनच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर ओरानियनबुर्ग गावात साक्सनहाउझेन आहे. लोकल ट्रेनने जाता येतं. १९३६ ते १९४५ मध्ये दोन लाखांवर कैदी तिथे डांबले गेले. पोलंडमधलं आउशविट्झ मात्र पहिल्या माहितीपटासाठी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. सुमारे ११ लाख माणसं मारली गेलेली ती जागा आहे. स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढायला तिथे मुभा असली तरी कैद्यांचे कापलेले केस ठेवलेली खोली आणि ११ नंबरच्या इमारतीचं तळघर इथे कॅमेरा काढायचाच नाही, आणि फिल्मसाठी संग्रहालयाची आगाऊ परवानगी लागते. २०१९ मध्ये तिथल्या संग्रहालयाला रुळांवर तोल सांभाळत फोटो काढणाऱ्यांना जाहीरपणे समज द्यावी लागली होती. तिथे जायचं तर आधी कॅमेऱ्याशिवाय जा.

तिसरी पायरी: परवानग्या

शिळांच्या मैदानाची देखभाल एक प्रतिष्ठान करतं. वैयक्तिक फोटो वेगळे, पण फिल्म म्हटली की त्यांना लेखी विचारायचं. अर्जात या गोष्टी घाला: शिक्षणसंस्थेचं पत्र, मार्गदर्शकाचं नाव, एका पानात विषय, गटात किती जण, सामान काय, कोणत्या तारखा, फिल्म कुठे दाखवणार. ‘विद्यार्थी प्रकल्प आहे, इंटरनेटवरही टाकणार आहोत’ हे पहिल्याच पत्रात लिहा. नंतर कळलं तर विश्वास उडतो. निदान सहा आठवडे हातात ठेवा. माहिती केंद्राच्या आत शूट करायचं तर ते वेगळं मागा. फलाट रेल्वेच्या हद्दीत येतो, म्हणून तिथे रेल्वेची परवानगी निराळी. रस्त्यावर दिवे, कॅमेरा सरकवायचे रूळ किंवा अडथळे लावणार असाल तर महापालिकेचंही दार ठोठवावं लागतं. आम्ही तिघं, एक कॅमेरा आणि एक माईक यापुढे गेलोच नाही.

ड्रोन विसरा. संसद इथून जवळच आहे आणि तिच्याभोवतीचा सगळा भाग उड्डाणबंदीचा आहे. आणि खरं सांगायचं तर वरून घेतलेलं ते शिळांचं नक्षीदार दृश्य या विषयाला उपयोगाचंही नाही. ते पाहणाऱ्याला आकाशात नेतं आणि आत चालणाऱ्या माणसापासून तोडतं.

व्हिसाचं आधी बघा. शिक्षणाच्या परवान्यावर असाल आणि फिल्म अभ्यासक्रमाचा भाग असेल तर संस्थेचं पत्र खिशात ठेवा. पर्यटक व्हिसावर येऊन चित्रीकरण करण्याचा विचार असेल तर अर्ज करतानाच दूतावासाला हेतू खरा सांगा.

चौथी पायरी: चेहरा, आवाज आणि जर्मन कायदा

आपल्याकडे रस्त्यावर कॅमेरा काढला की लोक मागे येऊन उभे राहतात. जर्मनीत उलट. स्वतःच्या चित्रावर माणसाचा हक्क असतो, आणि तो सांगणारा कायदा १९०७ चा आहे. चित्र प्रसिद्ध करायला त्या माणसाची संमती लागते. काही अपवाद आहेत: माणूस दृश्यात केवळ ओघाने आलेला असेल, किंवा मिरवणूक, सभा यांसारखा जमाव असेल. पण ‘वाईट वागणारा माणूस’ हाच तुमच्या फ्रेमचा विषय असेल तर तो ओघाने आलेला ठरत नाही. ज्या चित्राने एखाद्याच्या प्रतिष्ठेला गंभीर धक्का बसू शकतो ते त्याला न विचारता दुसऱ्याच्या हाती देणं, हा तर फौजदारी गुन्हा ठरू शकतो. त्यावर २०१८ पासून लागू असलेले युरोपचे वैयक्तिक माहितीचे नियम आहेतच.

आवाजाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन माणसांचं आपापसातलं बोलणं त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित करणं जर्मनीत गुन्हा आहे. म्हणून माईक चालू ठेवून शिळांमध्ये फिरायचं नाही. वातावरणाचा आवाज पहाटे घ्या. त्या वेळी पावलं, पाखरं आणि दूरची वाहतूक एवढंच असतं.

मी पहिल्या आठवड्यात २०० मिलिमीटरची लेन्स लावून रस्त्यापलीकडून चित्रीकरण केलं होतं. एक मुलगी शिळेवर नाचत होती, मैत्रीण फोनवर टिपत होती. मला वाटलं, हाच आपला पहिला शॉट. शिक्षकांनी रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रीकरण, पाहिले आणि एवढंच विचारलं, “तू तिच्याशी बोललीस?” मी बोलले नव्हते. तिचं नाव, गाव, तिथे का आली होती, काहीच मला माहीत नव्हतं. चाळीस मिनिटांचं चित्रीकरण मी त्या रात्री पुसलं. कायद्याने ते वापरता आलं नसतं हे खरं, पण पुसताना मला कायदा आठवत नव्हता. तिला मी ज्या गोष्टीसाठी दोष देत होते तीच मी करत होते: समोरच्या माणसाकडे न बघता चित्र काढणं.

यातून आमचे नियम ठरले, ते तुम्ही जसेच्या तसे घेऊ शकता:

१. संमतीपत्र जर्मन, इंग्रजी आणि शक्य तर मराठीत, एका पानाचं. फिल्म कुठे दाखवणार, संमती मागे कशी घ्यायची, संपर्क कुणाशी, हे त्यात सोप्या भाषेत असावं.
२. संमती नसलेल्यांचे फक्त पाय, हात, सावल्या, पाठ. तेही ओळखू येणार नाहीत असे.
३. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकांची सही, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचाही होकार.
४. रडणाऱ्या किंवा प्रार्थना करणाऱ्या माणसावर कॅमेरा वळवायचा नाही. त्याने नंतर परवानगी दिली असती असं वाटलं तरी नाही.

आणखी एक गोष्ट गटात आधीच बोलून ठेवा. तुमच्यासमोर कुणी नाझी सलाम ठोकला किंवा नरसंहार झालाच नाही असं म्हणाला तर? जर्मनीत हे दोन्ही गुन्हे आहेत. अभ्यास, कला आणि वार्तांकन यांसाठी अशा चिन्हांना सूट असते, पण ती कुठवर हे वकिलाने सांगायचं. आमचं ठरलेलं होतं: कॅमेरा बंद, रखवालदाराला सांगायचं, वाद घालायचा नाही.

पाचवी पायरी: आधी स्वतःची तयारी

हा भाग आपल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिते. आपल्याकडे कडक शिक्षकाला, तापट काकाला सहज ‘हिटलर’ म्हणतात. ते तोंडातून निघतं आणि परदेशी सहकारी गप्प होतो. गळ्यातलं, टी-शर्टवरचं किंवा बॅगेवर काढलेलं स्वस्तिक आपल्यासाठी मंगल आहे, पण त्या मैदानात ते पाहणाऱ्या वृद्ध माणसाला तुम्ही त्याचा अर्थ समजावत बसू शकणार नाही. ते खोलीवर ठेवून जा.

शब्दही तपासा. छळछावणी आणि मृत्युछावणी एक नाहीत. साक्सनहाउझेन ही छळछावणी, ट्रेब्लिंका किंवा सोबिबोर या केवळ मारण्यासाठी उभारलेल्या जागा, आउशविट्झ दोन्ही. ‘पोलिश छावण्या’ असं निवेदनात कधीही येऊ देऊ नका. त्या पोलंडच्या भूमीवर नाझी जर्मनीने चालवल्या होत्या. युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक वारसा यादीतल्या आउशविट्झच्या नावातच ‘जर्मन नाझी’ हे शब्द घातले, ते यासाठीच.

सहावी पायरी: तीन दिवस वही, मग कॅमेरा

पहिले तीन दिवस कॅमेरा नेऊ नका. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी अशा तीन वेळा एकेक तास बसा आणि लिहा. कोण कुठून आत शिरतं? किती वेळ थांबतं? जमिनीत बसवलेली नियमांची पाटी कुणी वाचतं का? शिळांवरून उड्या मारू नयेत, गोंगाट करू नये, असं त्यावर लिहिलेलं आहे, पण ती पायाखाली असते. माझ्या वहीतली सगळ्यात कामाची नोंद अशी होती: हसत आत गेलेले बरेच लोक दुसऱ्या बाजूने बाहेर येताना बोलत नव्हते. मी आठवडाभर आत जाणारे चेहरे टिपत होते. फिल्म बाहेर येणाऱ्यांची होती.

रखवालदारांशी ओळख करून घ्या. सगळं पाहिलेली माणसं तीच. त्यांची मुलाखत घ्यायची तर मात्र त्यांच्या वरिष्ठांना विचारूनच.

सातवी पायरी: सामान आणि चित्रीकरण

यावर फार लिहीत नाही, कारण कमी सामान हेच उत्तर आहे. एक कॅमेरा, २४ ते ७० ची लेन्स, एक बूम (लांब दांड्यावरचा माईक), एक कॉलर माईक. ९५ सेंटिमीटरच्या वाटेत ट्रायपॉड उघडला तर मागच्याची वाट अडते, म्हणून आत हातातच कॅमेरा धरा, ट्रायपॉड कडेला. विजेचा दाब आणि ५० हर्ट्झ आपल्यासारखेच, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि एक पन्नासांश शटर ठेवलं की दिवे लुकलुकत नाहीत. पिन मात्र वेगळी. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-तासांपर्यंतच्या. त्याहून मोठ्या असतील तर विमान कंपनीला आधी विचारा. महागडा कॅमेरा भारतातून नेत असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यातीचा दाखला घ्या, नाहीतर परतताना तो तुमचाच आहे हे पटवत बसाल.

डिसेंबरात बर्लिनला चारच्या आतच सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेनऊला. माझ्या मते मार्च किंवा ऑक्टोबर बरा: गर्दी बेताची, ऊन तिरकं, शिळांच्या सावल्या लांब. २७ जानेवारीला, आउशविट्झच्या मुक्ततेच्या दिवशी, किंवा ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले त्या दिवशी, जायचं तर कॅमेरा न घेता जा.

शॉट लांब ठेवा. दोन-तीन मिनिटं फ्रेम हलवू नका. छोटे तुकडे घेतले की एडिटमध्ये हसणाऱ्या चेहऱ्याला शिळा जोडून आरोप तयार करायचा मोह होतो. लांब शॉटमध्ये तोच माणूस हसतो, थांबतो, हात लावून काँक्रीट किती गार आहे ते बघतो.

आठवी पायरी: बोलणं

मुलाखत आत घेऊ नका, माणूस बाहेर आल्यावर कडेला घ्या. ‘तुम्ही असं का वागलात?’ हा प्रश्न कधीच नाही. त्याला एकच उत्तर मिळतं आणि ते बचावाचं असतं. मी तीन प्रश्न ठेवले होते: आत काय दिसलं? ही जागा कशाची आहे असं वाटतं? इथे कसे पोहोचलात? तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यात जास्त त्यानेच दिलं.

एका दुपारी मराठी कानावर आली. साठीच्या एक काकू बुटक्या शिळेवर बसून गुडघे चोळत होत्या, घरातली मुलं शिळांवर चढली होती. आधीची मी असते तर लांबून शॉट घेतला असता. मी जवळ जाऊन नमस्कार केला, कॅमेरा बंद ठेवून.

“अगंबाई, मराठी! बस ना,” म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “इथं बसायचं नसतं का?”

मी विचारलं, इथे कशासाठी थांबलात, काही सांगितलं का?

“बसमधून उतरवलं आणि वीस मिनिटांत या म्हणाले. कुणी काही सांगितलंच नाही गं. मला वाटलं, बागेत मांडलेलं काहीतरी.”

मी थोडक्यात सांगितलं. खालच्या नावांच्या खोलीबद्दलही. त्यांनी नातवंडांना हाक मारून खाली उतरवलं, ओरडल्या नाहीत. मग उठल्या, ज्या शिळेवर बसल्या होत्या तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “किती गं माणसं?” साठ लाख, मी म्हटलं. बस सुटायला सात मिनिटं होती. त्यांनी ती सातही मिनिटं आत चालण्यात घालवली. निघताना संमतीपत्रावर सही करून गेल्या, आणि माझ्याकडे त्यांचा आहे तो फक्त शिळेवरच्या हाताचा शॉट आणि बसच्या दारात उभं राहून सांगितलेली चार वाक्यं.

नववी पायरी: एडिट आणि परत जाणं

रशेसच्या तीन प्रती ठेवा, एक वेगळ्या पत्त्यावर. पहिली जुळणी निवेदनाशिवाय करा. निवेदन आलं की उपदेश येतो. संगीत टाळा, निदान शिळांच्या मैदानात तरी. तिथे आत उतरताना शहराचा आवाज आपोआप विरत जातो, आणि तो विरताना ऐकू येणं हेच पुरेसं आहे. छळछावण्यांची जुनी छायाचित्रं वापरावीत का, यावर आमच्या गटात दोन आठवडे वाद झाला. आम्ही नाही वापरली. त्या प्रेतांनाही संमती विचारलेली नव्हती, असं आमची ध्वनिमुद्रण करणारी मैत्रीण म्हणाली, आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

जवळपास तयार झालेली फिल्म आधी तीन ठिकाणी दाखवा: ज्यांच्याशी बोललात त्यांना, प्रतिष्ठानाला, आणि शक्य असेल तर तुमच्या शहरातल्या ज्यू समाजातल्या कुणाला तरी. मी ती सुट्टीत अलिबागजवळ एका बेने इस्राएल कुटुंबाच्या घरी लॅपटॉपवर दाखवली. कोकणात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आलेला हा समाज. आजोबांनी पूर्ण बघितली आणि एकच दुरुस्ती सांगितली: एका सबटायटलमध्ये मी ‘मेले’ लिहिलं होतं. “मेले नाहीत, मारले,” ते म्हणाले. ती ओळ मी त्यांच्यासमोरच बदलली.

अंतिम प्रत निघाल्यावर संमती दिलेल्या प्रत्येकाला दुवा पाठवा. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं चित्रीकरण तिन्ही प्रतींमधून पुसा आणि तसं त्यांना कळवा.